शैलाचं नाव त्या पुरस्काराला नको

नमस्कार मंडळी. बसा, बसा. मागे ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी भिंतीकडच्या बाकांवर बसा. हॉलचं हीटिंग आज बंद पडलंय, तेव्हा कोट काढू नका. साउथहॅम्प्टनहून, बर्मिंगहॅमहून, कुठून कुठून तुम्ही वीकेंडच्या ट्रॅफिकमधून बेसिंगस्टोकला आलात. शैलासाठी आलात. तिच्या मुलीच्या, मीराच्या वतीने मी तुमचे आभार मानते.

मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. काल आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, तर दुसऱ्याच वाक्याला रडू फुटलं. आज रडू येत नाहीये. आज मला राग आलाय. शोकसभेत रागावू नये म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, चहा घ्यावा आणि घरी जावं. शैलाबद्दल चांगलं बोलायला मला चार शब्द पुरणार नाहीत. पण आधी हा राग बोलू द्या, नाहीतर ते चांगलं माझ्या तोंडून निघायचंच नाही.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी उषा. हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर होते, आता रिटायर झालेय. शैला माझी मैत्रीण, इथे आल्यापासूनची. ती इथल्याच बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत खरेदी विभागात होती. ही कंपनी हॉस्पिटलसाठी चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन बनवते. बनवते म्हणजे कापते, शिवते, पाकिटात घालते. कापड दुसरीकडून येतं, आणि त्या कापडाचं सूत तिसरीकडून. मला बोलायचंय ते त्या सुताबद्दल.

माझ्याआधी श्रीकांतराव बोलले. ते त्याच कंपनीचे डायरेक्टर, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाचे ट्रस्टीसुद्धा. छान बोलले. शैला आमच्या कुटुंबातलीच होती म्हणाले. मग त्यांनी जाहीर केलं की कंपनी दर वर्षी शैलाच्या नावाने एक पुरस्कार देणार, एथिकल सोर्सिंगसाठी. म्हणजे ज्या सप्लायरने आपल्या कामगारांना माणसासारखं वागवलं, त्याला शैलाच्या नावाची ट्रॉफी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत कुणी टाळ्या वाजवत नाही, पण तुम्ही वाजवल्यात. मी बघत होते. मीराचे हात मांडीवरच होते.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही कशाला टाळ्या वाजवल्यात हे तुम्हाला माहीतच नाही. म्हणून सांगते.

कंपनीला एकदा वाटलं, आपलं सूत कुठून येतं ते बघून यावं. आपणहून वाटलं नव्हतं बरं का. गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, इथला कायदाही विचारायला लागला होता. सूत येत होतं महाराष्ट्रातल्या एका सूतगिरणीतून. त्या गावाचं नाव मी घेणार नाही, कारण ज्या बायकांबद्दल मी बोलणार आहे त्या अजून तिथेच आहेत. ऑफिसमध्ये मराठी येणारी दोनच माणसं. श्रीकांतराव आणि शैला. डायरेक्टर थोडेच गिरणीत जाऊन कापसाची धूळ खातात? शैलाला पाठवलं.

परत आल्यावर तिने मला सगळं सांगितलं, माझ्या किचनमध्ये बसून. गिरणीत सगळ्या बायका. राहायला आवारातच हॉस्टेल. शैला जिथे जाईल तिथे मॅनेजर मागे आणि सुपरवायझर त्याच्या मागे. बाईला विचारलं जेवण कसं असतं, की ती आधी सुपरवायझरकडे बघणार आणि मग म्हणणार, चांगलं असतं मॅडम. झोप मिळते का? मिळते मॅडम. घरी जाता येतं का? येतं मॅडम. शैला म्हणाली, उषा, शाळेत इन्स्पेक्शनला साहेब आल्यावर आपण असंच बोलायचो गं.

आता शैला कशी होती तुम्हाला ठाऊक आहे. ती हात चोळत बसणारी नव्हती. नुकतीच संक्रांत झाली होती. तिने मॅनेजरला सांगितलं, मला इथल्या सगळ्या बायकांचं हळदीकुंकू करायचंय. मॅनेजर हरखलाच. इंग्लंडची मॅडम हळदीकुंकू करणार म्हणजे काय! त्याने हॉस्टेलच्या खालच्या खोलीत सतरंज्या घातल्या, तिळगूळ आणवला, स्वतः उभं राहून फोटो काढून घेतला. आणि मग तो निघून गेला. जाणारच. हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? सुपरवायझरही गेला. दार लोटलं गेलं, आणि आत फक्त बायका आणि शैला.

काय डोकं लावलं होतं बघा. मोठमोठे ऑडिटर कोट घालून जातात, कोऱ्या चेहऱ्याने परत येतात. हिने एका कुंकवाच्या करंड्याने सगळे पुरुष बाहेर काढले. बायका बोलल्या. डाळ पातळ असते. सुट्टी मागितली की शिव्या मिळतात. सुपरवायझरचं तोंड खराब आहे. शैलाने ते सगळं कंपनीला कळवलं आणि मला म्हणाली, वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे गं. कंपनीने तिचा तो फोटो माहितीपत्रकावर छापला. शैला मधोमध, कपाळाला ठसठशीत कुंकू, भोवती हसणाऱ्या बायका. गिऱ्हाइकं खूश, श्रीकांतराव खूश.

आता मी इथे बसलेल्या बायकांना एक विचारते. आपल्याकडे हळदीकुंकवाला कोण येत नाही?

उत्तर देऊ नका. सगळ्यांना माहीत आहे. विधवा येत नाही. नवऱ्याने टाकलेली येत नाही, आलीच तर दाराशी बसते. शैलाने कुणाला वगळलं नव्हतं. तिने 'सगळ्या या' असाच निरोप दिला होता. सगळ्या म्हणजे सगळ्या, असं तिला वाटलं. पुण्याच्या घरात वाढलेली, इतकी वर्षं बेसिंगस्टोकला राहिलेली बाई, तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या बायकांना 'येऊ नका' असं कुणी सांगावं लागत नाही. त्या आपोआप मागे राहतात.

आणि त्या गिरणीत, मंडळी, त्याच जास्त होत्या. योगायोगाने नाही. गिरणीचा कंत्राटदार गावोगाव फिरून त्याच शोधायचा. जिचा नवरा मेलाय, जिला सासर विचारत नाही, जिला माहेर परत घेत नाही. कारण अशी बाई गिरणीत अडकली तर तिला विचारायला गेटवर कोण येणार? शैलाच्या हळदीकुंकवातून ज्या चुकून सुटल्या, त्याच तो धंदा म्हणून निवडत होता. ज्यांना आपण बोलावत नाही, त्यांना तो नेमका बोलावत होता.

शैलाला हे कळलं पुढच्या वर्षी. ती भावाकडे सुट्टीवर गेली होती. कंपनीला न सांगता, कुणाला न कळवता, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती गिरणीवर गेली. वॉचमनने तिला फोटोवाली मॅडम म्हणून ओळखलं आणि आत सोडलं. या वेळी मॅनेजर नव्हता. ती चालत चालत मागच्या बाजूला गेली. तिथे दुसरी एक इमारत होती, जी तिला पहिल्या वेळी कुणी दाखवलीच नव्हती. भर दुपार, सुट्टीचा दिवस, आणि त्या इमारतीच्या दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. खिडकीच्या गजांशी बायका उभ्या होत्या.

शैलाने खिडकीशी जाऊन विचारलं, तुम्ही इथे राहता? मग मागच्या वर्षी हळदीकुंकवाला का आला नाहीत? त्यांतली एक म्हणाली, "आम्हाला कोण बोलावतं ताई हळदीकुंकवाला?"

मग त्यांनी तिला कमलबद्दल सांगितलं. कमल त्यांच्यातलीच. हळदीकुंकवाच्या दिवशी, मॅडम आल्यात म्हणून कुलूप काढलेलं होतं, तेव्हा ती हॉस्टेलच्या बाहेरच्या पायरीवर येऊन बसली होती. आत जाऊन या मॅडमला दाखवते म्हणाली, आपल्याला कसं कोंडतात ते. दोघी-तिघींनी तिचा पदर धरून तिला मागे ओढलं. सवाष्णींच्या हळदीकुंकवात जाऊन अपशकुन नको गं, म्हणाल्या. ती राहिली पायरीवरच. त्यानंतर काही महिन्यांनी, अशाच एका सुट्टीच्या दिवशी, तिच्या पोटात दुखायला लागलं. दार बाहेरून बंद. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन बाजारात. बायकांनी दार बडवलं, ओरडल्या. सुट्टीच्या दिवशी त्या मागच्या कोपऱ्यात ते कुणाला ऐकू जाणार? तो आला, कुलूप काढलं, गाडी शोधली. दवाखान्यात पोचायच्या आधी कमल गेली. गिरणीने सांगितलं, बाई आधीपासून आजारी होती.

मी डॉक्टर आहे. शैलाने मला दुखणं कसं होतं ते सांगितलं तेव्हा मला कळलं की बाई दवाखान्यात वेळेवर पोचली असती तर वाचली असती, असंच ते दुखणं असणार. मी ते शैलाला सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती. माझ्या किचनमधल्या त्याच खुर्चीवर बसून ती म्हणाली, "मी आत तिळगूळ वाटत होते, उषा. ती पायरीवर होती. मध्ये नुसतं लोटलेलं दार होतं गं." त्यानंतर ती पूर्वीची शैला राहिली नाही.

आता कंपनीचं ऐका. शैलाने हे सगळं श्रीकांतरावांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, गिरणी आपली नाही. आपण कापडवाल्याकडून कापड घेतो. तो सूत कुणाकडून घेतो, तो त्याचा प्रश्न. आपली जबाबदारी पहिल्या सप्लायरपर्यंत. तरी त्यांनी एक पत्र पाठवलं, हे मी खोटं बोलणार नाही. कंपनीने कापडवाल्याला विचारलं, कापडवाल्याने गिरणीला विचारलं, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं. आमच्याकडे महिला कामगार आनंदात आहेत, सोबत पुरावा जोडला आहे. पुरावा काय होता माहीत आहे? शैलाचा फोटो. हळदीकुंकवाचा. तिचाच फोटो तिच्याच टेबलावर पुरावा म्हणून येऊन पडला. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

शैलाने सांगितलं, माझा फोटो काढून टाका आणि गिरणीला कळवा, कडी काढा, नाहीतर आम्ही तुमचं सूत घेणार नाही. तर तिला शहाणपण शिकवलं. सूत बंद केलं तर त्या बायकांचंच काम जाईल, तुला ते हवंय का? शैला म्हणाली, बंद करू नका, फक्त सांगा, तुमचं ऐकतील. त्यावर उत्तर आलं, आमचं कसं ऐकतील? इतक्या लांबून आमचा काय अधिकार?

अधिकार नाही? मंडळी, सुताचा पांढरा रंग जरासा पिवळट आला ना, तर हीच कंपनी त्याच दिवशी त्याच गिरणीच्या मॅनेजरला फोनवर घेते. मधल्या कापडवाल्याला बाजूला सारून, थेट. शैलानेच केलेत ते फोन. रंगासाठी यांचा हात गिरणीच्या आतपर्यंत पोचतो. कडीपर्यंत पोचत नाही. सूत किती जाड, किती पीळ, किती पांढरं, सगळं यांना माहीत असतं. ते कातणारी बाई दार उघडून बाहेर येऊ शकते का, एवढंच माहीत करून घ्यायचं नसतं.

मी जन्मभर भूल दिली. ऑक्सिजन भरणारा वेगळा, आणणारा वेगळा, नळी जोडणारा वेगळा. पण टेबलावरचा पेशंट निळा पडला तर मी असं म्हणू शकते का, की सिलिंडर आमचा नाही, सप्लायरच्या सप्लायरचा आहे? माझं लायसन्स दुपारपर्यंत जाईल. जायलाच हवं. मग यांना वेगळा न्याय का? जो नफा घेतो, ज्याचं नाव पाकिटावर असतं, त्याने काखा वर करायच्या आणि म्हणायचं, आमचा काय संबंध. संबंध कसा नाही? तुम्ही विकत घेता म्हणून ते कुलूप लागतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, फक्त का झालं ते माहीत नव्हतं. कंपनीत रिस्ट्रक्चरिंग झालं आणि नेमकं शैलाचं पद गेलं. केक कापला, कार्ड दिलं. शैला थांबली नाही. ती एकटीच लिहीत राहिली, भेटत राहिली, खासदार लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतो, त्या सर्जरीत रांगेत बसली. तिचा नवरा गेला, तरी तिने सोडलं नाही. आणि नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, या हॉलमध्ये, आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा मेसेज तिला गेला नाही. विचारलं तर म्हणे, तिला वाईट वाटू नये म्हणून. ती तरीही आली. दाराशी उभी राहिली नाही, सरळ आत आली, मधल्या खुर्चीवर बसली आणि सगळ्यांना कमलबद्दल सांगायला लागली. तुमच्यापैकी किती जणी तेव्हा इथे होतात? किती जणींनी सणाच्या दिवशी हे कशाला म्हणून विषय बदललात? मी नावं घेत नाही. आज तुम्ही तिच्यासाठी फुलं आणलीत, ती बरी दिसतायत.

शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ बसले होते. ती ज्या चादरीवर होती ती त्याच कंपनीची होती. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं.  मग तिने चादरीवर हात फिरवला आणि म्हणाली, "सूत चांगलं कातलंय गं त्यांनी." बस, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, उषाताई श्रीकांतरावांवर घसरल्या. मंडळी, श्रीकांतराव वाईट माणूस नाही. हीच तर माझी चीड आहे. शैलाचा नवरा आजारी होता तेव्हा यांनी स्वतः गाडी चालवून त्याला हॉस्पिटलला नेलं-आणलं, कितीदा तरी. परवा शैलाच्या शवपेटीला यांनी खांदा दिला आणि यांचे डोळे भरले होते, मी पाहिलंय. राक्षसाने कडी लावली असती तर मी आज इतकी चिडले नसते. चांगल्या माणसांनी, मीटिंगमध्ये बसून, चहा पीत, ती कडी तशीच राहू दिली. आणि आता तिचंच नाव त्या कडीवर लावायला निघाले आहेत. मराठीत याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. फोटो वापरून झाला, आता नाव. ती जिवंत असताना हे तुम्हाला मिळालं नसतं, म्हणून मेल्यावर मागताय?

मीरा इथेच वाढली. तिचं मराठी आपल्यासारखं नाही, ती बोलताना अडखळते आणि आपण हसतो. आज सकाळी कंपनीकडून पुरस्काराला घरच्यांची संमती मागणारा फोन आला, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, आईचा नाव त्यांना देऊ नका." त्यात काय चुकलं असेल ते असो. मी तिला शब्द दिला, आणि तो शब्द तुम्हा सगळ्यांसमोर पाळते. श्रीकांतराव, संमती नाही. शैलाचं नाव त्या ट्रॉफीवर येणार नाही. वकिलाकडे जावं लागलं तरी येणार नाही.

क्रिमॅटोरियममध्ये मीराने तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती, माझ्यासमोर. मागच्या इमारतीचं दार आता आतून उघडतं का? तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, बाळा, ही ती वेळ नव्हे. मग कोणती वेळ? शैला गेली. कमल गेली. अजून कुणी जायचंय का?

मंडळी, आता उभं राहू या. शोकसभेत शेवटी शांतता पाळतात, आपणही पाळू. कमलसाठी, जिला मी कधी पाहिलं नाही, आणि शैलासाठी, जिच्याशिवाय मला पुढे जगायचंय आणि ते कसं ते मला कळत नाहीये. शैला, तुला माझा नमस्कार गं.

फोन बंद करा. मुलांना जवळ घ्या. कुणी काही बोलू नका.

श्रीकांतराव, तुम्ही सोडून. तुमचा फोन चालू ठेवा. गिरणीचा नंबर तुमच्याकडे आहे, रंग चुकला की लागतो तो. लावा. त्या दाराची कडी आज कुठल्या बाजूने आहे ते विचारा, आणि आम्हाला सांगा. आम्ही सगळे गप्प उभे आहोत.